पान कोण उलटतं?

चित्रपुस्तकात वेळ मुलाच्या हातात असतो. मूल एखाद्या पानावर हवं तितकं रेंगाळतं, कोपऱ्यातल्या मांजराकडे बघत बसतं, वाचून दाखवणाऱ्याचा हात दाबून धरतं आणि मग एकदम चार पानं मागे जातं. त्याच पुस्तकावर ॲनिमेशनपट झाला की सगळ्यात आधी हा हक्क जातो. रेषा जपता येते, रंग जपता येतात, गोष्टही जशीच्या तशी ठेवता येते. पान मात्र आता दिग्दर्शक उलटतो. म्हणून असा चित्रपट मूळ गोष्टीशी किती इमानी राहिला, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. काढून घेतलेल्या वेळाच्या बदल्यात त्याने मुलाला काय दिलं, हे बघायला हवं.

रेमंड ब्रिग्ज या इंग्लिश चित्रकाराचं ‘द स्नोमॅन’ १९७८ साली आलं. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी ‘फंगस द बोगीमॅन’ केलं होतं. चिखल, शेवाळ आणि घाणीने भरलेल्या त्या जगात बराच काळ काढल्यावर त्यांना काहीतरी स्वच्छ, निवांत काढायचं होतं. नव्या पुस्तकात त्यांनी शब्दच ठेवले नाहीत आणि सगळी चित्रं रंगीत पेन्सिलींनी रंगवली. शाईची काळी बाह्यरेषा नसल्यामुळे बर्फ कुठे संपतो आणि हवा कुठे सुरू होते, ते नेमकं सांगता येत नाही. मुलगा बर्फाचा माणूस करतो, रात्री तो जिवंत होतो, मुलगा त्याला घर दाखवतो, मग दोघं उडत ब्रायटनच्या समुद्रापर्यंत जातात आणि उजाडायच्या आत परततात. घरातल्या गमती लहान लहान चौकटींत एकामागून एक येतात. उड्डाण सुरू झालं की चित्र अख्ख्या पानभर पसरतं. सकाळी अंगणात उरते टोपी, मफलर आणि वितळलेल्या बर्फाचा लहानसा ढीग. पुस्तक तिथेच संपतं.

१९८२च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनमध्ये चॅनल फोर ही वाहिनी सुरू झाली आणि २६ डिसेंबरला तिने ‘द स्नोमॅन’ दाखवला. निर्माते जॉन कोट्स, दिग्दर्शिका डायान जॅक्सन. अर्ध्या तासाच्या प्रक्षेपणासाठी चित्रपट साधारण २६ मिनिटांचा हवा होता, आणि पुस्तकातल्या घटना तेवढ्याला पुरणाऱ्या नव्हत्या. मग उड्डाण ब्रायटनवरून पुढे उत्तर ध्रुवापर्यंत गेलं, तिथे बर्फाच्या माणसांचा मेळा भरला, फादर ख्रिसमस आला आणि त्याने मुलाला एक मफलर भेट दिला. मूळ पुस्तकात ख्रिसमसचा मागमूसही नाही. ही भर जरा भाबडी आहे, पण चित्रपटात ती चांगली जमली, असं ब्रिग्ज यांनी पुढे मोकळेपणाने म्हटलं.

मी या बाबतीत त्यांच्याइतकं उदार होऊ शकत नाही. मेळ्याबद्दल माझी तक्रार नाही, त्या मफलरबद्दल आहे. पुस्तकातल्या सकाळी रात्रीच्या प्रवासाचा एकही पुरावा उरत नाही. ते स्वप्न होतं की खरं, हे ज्याचं त्याने ठरवायचं, आणि मुलं ते आपापल्या वयाप्रमाणे ठरवतात, पुढे बदलतातही. चित्रपटात मुलगा खिशात हात घालतो आणि मफलर सापडतो. प्रश्न मिटतो. सुखान्ताची ओढ नसलेल्या लेखकाने मुलांवर टाकलेला विश्वास चित्रपटाने त्या एका क्षणी परत घेतला.

तरीही हा चित्रपट मला मोठा वाटतो, आणि त्याचं कारण उड्डाणाच्या दृश्यात आहे. सुरुवातीचे ब्रिग्ज यांचे चार शब्द सोडले तर चित्रपटात कोणी बोलत नाही. हॉवर्ड ब्लेक यांचं वाद्यसंगीत सगळं सांगत राहतं. उड्डाणाच्या वेळी सेंट पॉल्स कॅथीड्रलमधल्या पीटर ऑटी या मुलाच्या आवाजात गाणं सुरू होतं आणि गोष्ट थांबते. काही मिनिटं पुढे काहीच घडत नाही. खाली शेतं, घरं, समुद्र सरकत जातात. काय होणार याची घाई नसल्यामुळे डोळे कुठेही भटकू शकतात. एका पानावर रेंगाळणाऱ्या मुलाला जो वेळ मिळतो, तो इथे परत मिळतो. हाताने रंगवलेल्या दोन चित्रांतले पेन्सिलीचे कण तंतोतंत जुळत नाहीत, म्हणून पडदाभर एक बारीक थरथर चालू असते. माणूस उभा असला तरी त्याच्या अंगावरचा रंग हलत राहतो. रंगवणाऱ्याचा हात दिसावा, याहून मोठं इमान कोणतं?

मॉरिस सेंडॅक यांच्या ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ची (१९६३) अडचण आणखी अवघड होती. जेमतेम ३३८ शब्दांच्या या पुस्तकात सुरुवातीची चित्रं लहान असतात, भोवती पांढरी जागा भरपूर. गोष्टीतला मुलगा रागाच्या भरात कल्पनेतल्या राक्षसांच्या मुलखात जातो. त्याचा राग आणि कल्पना वाढतात तशी चित्रं मोठी होत जातात, कोरी जागा गिळतात, आणि ऐन धिंगाण्याच्या वेळी जोडपानभर फक्त चित्रच उरतं, शब्द नाहीत. शेवटच्या पानावर उलट, चित्र नाही, नुसते शब्द. पडद्याची चौकट अशी वाढत-घटत नाही. प्रागमध्ये स्थायिक झालेले अमेरिकन दिग्दर्शक जीन डाइच यांनी वेस्टन वूड्स या संस्थेसाठी त्यावर छोटा चित्रपट केला. ही संस्था मॉर्टन शिंडेल यांनी १९५३ साली काढली. तिच्या सुरुवातीच्या चित्रपटांत तर पुस्तकातली चित्रं हलतच नव्हती. कॅमेराच त्यांच्यावरून डोळ्यासारखा फिरायचा. त्या संस्कारातून आलेल्या डाइच यांच्या चित्रपटाने लांबी वाढवण्याचा मोह टाळला. पुढे २००९ साली त्याच पुस्तकावर जिवंत नटांचा दीड तासाहून मोठा चित्रपट निघाला, तेव्हा मुलाच्या घरची दुःखं आणि राक्षसांचे आपसातले रुसवे नव्याने लिहावे लागले.

‘द स्नोमॅन’ची अर्ध्या तासाची चौकट वाहिनीच्या वेळापत्रकाची होती. उत्तर ध्रुव आणि मफलर त्या चौकटीतून आले. आज मुलं अनेक चित्रपट मोबाइलवर, हवे तेव्हा बघतात, तिथे तशी सक्ती उरलेली नाही. पुस्तकाला आठ मिनिटं पुरत असतील तर आठच मिनिटांचा चित्रपट करता येतो, आणि त्यातली दोन मिनिटं काहीही न घडता जाऊ देता येतात.