फॅगिनची दाढी

तालीम हा शब्द आम्हा उर्दू शाळेतल्या शिक्षकांना दोन अर्थांनी भेटतो. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण, मराठीत तालीम म्हणजे नाटकाची. वर्षभर आम्ही पहिल्या अर्थाची तालीम देतो आणि स्नेहसंमेलन जवळ आले की दुसऱ्या अर्थाची सुरू करतो. हे दोन अर्थ एकमेकांपासून फार दूर नाहीत, हे मात्र आम्हाला उशिरा आणि एका दाढीमुळे कळले.

संमेलनासाठी आम्ही चार्ल्स डिकन्सची ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ घेतली होती. ही कादंबरी डिकन्सने मुलांसाठी लिहिली नव्हती. पण संक्षेप करणाऱ्यांनी ती जगभर मुलांच्या हाती दिली आणि आज ती मुलांच्याच कपाटात सापडते. आमच्या शाळेच्या कपाटातही एक जुना संक्षेप होता. अनाथाश्रमातली भूक, लंडनचे रस्ते, खिसे कापणारी पोरे आणि त्यांचा म्होरक्या फॅगिन. सातवी-आठवीची मुले, सोबतीला काही लहानगी, आम्हीच बांधलेल्या चालींवर सात-आठ गाणी. घरातल्या आजीपासून कडेवरच्या नातवापर्यंत साऱ्यांनी एकत्र बसून पाहावे असा प्रयोग करायचा होता.

फॅगिनच्या रंगभूषेचा प्रश्न निघाला. संक्षेपातल्या चित्रात त्याला लांब वाकडे नाक आणि छातीपर्यंत दाढी होती. आम्ही भाड्याने कपडे देणाऱ्या दुकानातून दाढी आणली. ती लावून मुलगा उभा राहिला, तेव्हा पाचवीतला एक छोटा म्हणाला, “सर, ये तो मेरे दादा जैसा दिखता है.” सगळे हसले. तो छोटा हसला नाही.

एका सहकाऱ्यांनी लगेच तोड काढली. दाढी नको तर नको. धोतर नेसवा, कपाळाला टिळा लावा, त्याला सावकार करून टाका. लोकांना दुष्ट माणूस लगेच ओळखू येईल. पुन्हा सगळे हसले, आणि या वेळी आम्हीही हसलो. त्या रात्री झोप मात्र लागली नाही.

आम्ही चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलो. तिथल्या संमेलनात एक ऐतिहासिक नाटक होते. शत्रूच्या सरदाराचे काम आम्हाला मिळाले. का, हे कोणी सांगितले नाही. “तुला शोभेल,” एवढेच म्हणाले. त्यात कुणाच्या मनात वाईट होते असे आजही वाटत नाही. अम्मीने हौसेने अंगरखा शिवला, टाळ्याही पडल्या. पण नंतर आठवडाभर मधल्या सुट्टीत मुले आम्हाला आमच्या नावाने नव्हे, त्या सरदाराच्या नावाने हाक मारीत. नाटक संपले होते, वेश उतरला होता, चेहरा तेवढा राहिला होता. आणि आता, इतक्या वर्षांनी, तोच वेश दुसऱ्या कुणाच्या अंगावर चढवायच्या सूचनेवर आम्ही हसलो होतो.

म्हणून फॅगिनचा इतिहास वाचू लागलो. कादंबरी 1837 ते 1839 या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. फॅगिन ज्यू आहे, आणि डिकन्स त्याला नावाऐवजी वारंवार ‘तो ज्यू’ म्हणतो. पहिल्या 38 प्रकरणांत हा उल्लेख अडीचशेहून अधिक वेळा येतो. कादंबरीतला बिल साइक्स खुनी आहे, पण त्याला कोणी ‘तो ख्रिश्चन’ म्हणत नाही. त्याचे पाप त्याचे एकट्याचे. फॅगिनचे पाप मात्र साऱ्या जमातीच्या खात्यावर जमा होते.

1860 साली डिकन्सने आपले लंडनमधले घर एका ज्यू गृहस्थांना विकले. त्यांच्या पत्नी एलिझा डेव्हिस यांनी 1863 मध्ये त्याला पत्र लिहून ही तक्रार मांडली. आधी डिकन्सने बचाव केला की, त्या काळी त्या धंद्यात बहुधा तसलेच लोक असत. पण पत्र त्याच्या मनात राहिले असावे. पुढच्या ‘अवर म्युच्युअल फ्रेंड’ या कादंबरीत त्याने राया नावाचा सज्जन ज्यू म्हातारा आणला आणि 1867 च्या आवृत्तीत ‘ऑलिव्हर ट्विस्ट’च्या उत्तरार्धातून तो शब्द जवळजवळ काढून टाकला. जगभर नावाजलेला लेखक एका वाचक बाईच्या पत्रावरून आपली छापलेली कादंबरी दुरुस्त करतो, ही आम्हाला मोठी गोष्ट वाटते.

पण कागदावर शब्द खोडता येतो. रंगमंचावर आणि पडद्यावर चेहरा द्यावाच लागतो. 1948 साली डेव्हिड लीन यांच्या चित्रपटात अ‍ॅलेक गिनेसने फॅगिन केला, तो भले मोठे नकली नाक लावून. युरोपातल्या ज्यूंच्या कत्तलीला तेव्हा तीनच वर्षे झाली होती. 1949 मध्ये बर्लिनला त्या चित्रपटाविरुद्ध निदर्शने झाली आणि अमेरिकेत तो 1951 पर्यंत अडकून पडला. डिकन्सने खोडलेला शब्द रंगपेटीतून परत आला होता.

मग 30 जून 1960 रोजी लंडनमध्ये ‘ऑलिव्हर!’ ही संगीतिका आली. कथा, गीते, संगीत सारे लायनेल बार्ट यांचे. ते स्वतः लंडनच्या ईस्ट एंडमधल्या एका ज्यू शिंप्याचे पुत्र. त्यांना स्वरलिपी लिहिता येत नव्हती, चाली गुणगुणून ते दुसऱ्यांकडून लिहून घेत. पहिला फॅगिन झालेले रॉन मूडी हेही ज्यू. बार्ट यांनी फॅगिनला गमत्या, भित्रा, पोरांत रमणारा म्हातारा केले. कादंबरीत त्याला फाशी होते. नाटकात तो शेवटी एकटा उरतो आणि आता सुधारावे की काय असा विचार करीत निघून जातो. 1968 च्या चित्रपटात तर तो आपल्या लाडक्या चेल्याबरोबर नाचत जातो. पहिल्याच फेरीत नाटकाचे 2,618 प्रयोग झाले. ज्या म्हाताऱ्याच्या नावाने एक जमात हिणवली गेली, त्याच्यावर घरोघरची मुले प्रेम करू लागली.

वाचून आम्हाला प्रथम आनंद झाला. ज्याची बदनामी झाली त्याच्याच लेकराने ती पुसली, तीही भांडून नव्हे, गाऊन. पण विचार करता करता एक खडा दाताखाली आला. फॅगिन ज्यू म्हणून दुष्ट नव्हे, हे खरेच. पण तो दुष्ट होता की नाही? उपाशी पोरांना तो चोरी शिकवतो. ती पकडली गेली तर तुरुंगात जातात, हा मात्र सुरक्षित. कादंबरीत नॅन्सीच्या मागे हेर लावून साइक्सला भडकवणाराही तोच. संगीतिकेत हे सारे हलके होते. संगीत नाटकावर वाढलेल्या मराठी माणसाला वेगळे सांगायला नको की, पद ज्याच्या वाट्याला आले, प्रेक्षकाचे मनही त्याच्याच वाट्याला जाते. बार्ट यांनी फॅगिनला उत्तम गाणी दिली. एका जमातीवरचा अन्याय दूर झाला, पण ज्या पोरांचे बालपण फॅगिनने खाल्ले त्यांची तक्रार त्या सुरांत बुडाली.

काही जण म्हणतील, अभिजात कृतीला हातच लावू नये. पुस्तकाबद्दल आम्हाला हे मान्य आहे. जाणत्या वाचकाने ते जसेच्या तसे वाचावे आणि त्या काळाचा पूर्वग्रहही पाहावा. पण प्रयोग आज होतो, आमच्या हातून होतो, समोर सात वर्षांचे मूल बसलेले असते. त्याला 1837 साल माहीत नसते. त्याला फक्त दाढी दिसते, किंवा टिळा दिसतो. तेव्हा डिकन्सकडे बोट दाखवून आम्हाला सुटता येणार नाही.

दुसऱ्याच्या माणसाला पूर्ण माणूस म्हणून रंगवणे अशक्य नसते. आमची मुले प्रेमचंदांची ‘ईदगाह’ वाचतात. आजीची बोटे तव्यावर भाजतात म्हणून जत्रेत खेळणी सोडून तीन पैशांचा चिमटा घेणारा हामिद त्यांनी लिहिला. लेखक हामिदच्या जमातीचे नव्हते. आणि हामिदही फरिश्ता नाही. आपला चिमटाच कसा सर्वांत भारी, हे तो मित्रांना हुज्जत घालून पटवतो. प्रेमचंदांनी त्याला गोडही केले नाही आणि परकाही ठेवले नाही.

शेवटी आम्ही दाढी परत केली. नाक लावले नाही, धोतर-टिळाही नाही. फॅगिनला एक जुना ओव्हरकोट दिला आणि प्रत्येक प्रवेशात हातात पाव दिला. पाव दाखवून तो पोरांना बोलावतो. पाव मोडायच्या आधी त्यांनी आणलेला माल मोजून घेतो. त्याचे गंमतीचे गाणे ठेवले, पण अखेरचे कडवे पोरांना दिले. त्यात ती आज कोण पकडले गेले त्यांची नावे घेतात. पहिल्या कडव्याला हसणारे पालक तिथे गप्प झाले. आमचा उपाय परिपूर्ण आहे असे नाही. पण दुष्टपणा चेहऱ्यावरून काढून कृतीत ठेवायचा, एवढे तरी त्यातून साधले.

प्रयोगानंतर त्या पाचवीतल्या छोट्याचे दादा भेटायला आले. पांढरी दाढी, हातात काठी. नातू बोट धरून होता. त्यांनी विचारले, “सर, उस बुढ्ढे का बाद में क्या हुआ?” आम्ही सांगितले, किताबात त्याला फाशी होते. त्यांनी मान हलवली. जरा थांबून म्हणाले, “और वो बच्चे? वो किसके पास गए?”

एक चार्ली बेट्स सुधारून शेतीला लागला, असे डिकन्सने लिहून ठेवले आहे. बाकीच्यांचे आम्हाला सांगता आले नाही. पुढच्या वर्षीची तालीम तिथूनच सुरू करावी म्हणतो.