थांबवलेला चेहरा

काव्य ही काळात उलगडणारी कला आहे, तर चित्र आणि शिल्प या अवकाशात स्थिरावणाऱ्या कला आहेत, असा भेद जर्मन विचारवंत लेसिंग याने १७६६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘लाओकोऑन’ या ग्रंथात केला. काव्याविषयी त्याने जे म्हटले ते संगीताला अधिकच लागू पडते. चित्रकाराच्या वाट्याला एकच क्षण येतो. म्हणून तो त्याने फार विचाराने निवडला पाहिजे, ज्यातून आधीचे आणि नंतरचे दोन्ही पाहणाऱ्याच्या कल्पनेला दिसू शकेल असाच क्षण घ्यावा आणि भावनेच्या अगदी टोकाचा क्षण टाळावा, असे लेसिंगचे सांगणे होते.

अडीचशे वर्षांपूर्वीचा हा विचार आज आठवण्याचे कारण अगदी घरगुती आहे. क्षण निवडण्याचे काम एके काळी चित्रकार आणि शिल्पकार करीत असत. आता ते आपल्या घरातले शाळकरी मूलही करते. यूट्यूबवर गाण्याची चित्रफीत चालू असते, मोबाइलच्या दोन कळा एकदम दाबल्या की त्या क्षणी पडद्यावर असलेले चित्र साठवले जाते. मुले त्याला स्क्रीनशॉट म्हणतात. गायिकेचा चेहरा, तिचा पोशाख, तिच्या मागची भिंत, जे आवडले ते उचलायचे, मित्रांच्या गटात पाठवायचे, खाली दोन शब्द जोडायचे. यात विचार करण्याजोगे काय आहे, असे कोणी विचारील. मला वाटते, पुष्कळ आहे.

ज्या वाचकांनी व्हिडिओ कॅसेटचा जमाना अनुभवला आहे त्यांना आठवत असेल की, फीत मध्येच थांबवली तर पडद्यावर थरथरणारे, पांढऱ्या पट्ट्यांनी चिरलेले चित्र दिसे. आपल्याकडच्या दूरचित्रवाणीत सेकंदाला २५ चित्रे असत आणि प्रत्येक चित्र दोन अर्ध्या भागांत, एकाआड एक ओळींनी, पडद्यावर येई. त्या दोन भागांच्या दरम्यान गाणाऱ्याने हात हलवला तर थांबलेल्या चित्रात हाताच्या कडा करवतीसारख्या दातेरी होत. थोडक्यात, आपल्याला कोणीतरी मध्येच अडवले आहे, हे ते चित्र स्वतःच कबूल करीत असे. आजचे चित्र तसे काही कबूल करीत नाही. ते नितळ असते, छायाचित्रकाराने मुद्दाम काढल्यासारखे दिसते. गंमत अशी की, त्याच्या पोटात डोकावले तर ते पूर्वीच्या चित्राहून अधिक परावलंबी आहे. संगणकावरच्या चित्रफितीत जागा वाचविण्यासाठी ठरावीक अंतराने एखादेच चित्र संपूर्ण साठवतात. मधल्या चित्रांबाबत आधीच्या चित्रापेक्षा काय बदलले एवढीच नोंद ठेवलेली असते, कधी नंतरच्या चित्राचाही आधार घेतलेला असतो. आपण ज्याला ‘एक चित्र’ म्हणतो ते बहुधा शेजाऱ्यांकडून उसने आणून उभे केलेले असते. यंत्रालासुद्धा एकटा क्षण परवडत नाही!

कायद्याच्या बाजूने पाहिले तर उत्तर फारसे अवघड नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १४व्या कलमात, चित्रपटाचा भाग असलेल्या कोणत्याही प्रतिमेचे छायाचित्र म्हणजे त्या चित्रपटाची प्रतच, असे स्पष्ट म्हटले आहे. आणि कायद्याच्या व्याख्येत गाण्याची चित्रफीतही चित्रपटातच मोडते. ५२व्या कलमाने खाजगी वापर, टीका, समीक्षा यांसाठी रास्त सवलत दिली आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कलावंताला आणखी एक हक्क दिला: आपल्या सादरीकरणाची मोडतोड करून कोणी आपल्या लौकिकाला बाधा आणली तर त्याला तो आव्हान देऊ शकतो. हे सारे योग्यच आहे. परंतु कायद्याची पहिली चौकशी असते ती मालकीची. माझा प्रश्न साक्षीचा आहे. जो माणूस सात हजार चित्रांतून एक बाजूला काढून ‘हे पाहा’ म्हणतो, तो साक्षीला उभा राहिलेला असतो. त्याची साक्ष खरी केव्हा म्हणावी?

यासाठी एक उदाहरण घेतो. आयरिश गायिका शिनेड ओकॉनर हिने गायिलेले ‘नथिंग कम्पेअर्स टू यू’ हे गाणे १९९० साली जगभर गाजले. गाणे मूळचे प्रिन्स या अमेरिकन संगीतकाराचे. जॉन मेबरी यांनी दिग्दर्शित केलेल्या त्याच्या चित्रफितीत पॅरिसजवळच्या उद्यानातली काही दृश्ये सोडली तर फारसे काही घडत नाही. काळोखी पार्श्वभूमीवर केस अगदी बारीक कापलेल्या एका तरुण स्त्रीचा चेहरा सुमारे पाच मिनिटे आपल्याकडे पाहत गातो. तो चेहरा रागावतो, विनवतो, कठोर होतो, पुन्हा हळवा होतो, आणि अखेरीकडे गालांवरून अश्रू ओघळतात. सेकंदाला २५ या हिशेबाने धरले तर त्या चित्रफितीत सुमारे साडेसात हजार चित्रे होतात. लोकांनी उचलले ते बहुधा एकच, अश्रूचे. प्रियकराने सोडून गेलेली दुःखी सुंदरी, असाच त्याचा अर्थ लावला गेला. शिनेडने पुढे सांगितले की, ते अश्रू ठरवून आणलेले नव्हते. गाण्यात आईचा उल्लेख आला आणि तिला आपली आई आठवली. ती आई १९८५ साली मोटार अपघातात गेली होती. त्याच आईने लहानपणी आपला अतोनात छळ केला, असेही शिनेडने अनेकदा जाहीरपणे सांगितले आहे. छळणाऱ्या आईसाठी आलेले रडू! त्या एका थेंबात केवढी गुंतागुंत आहे. आणि स्थिर चित्रात त्यातली कितीशी उतरते?

या गायिकेचे दुसरे चित्र कॅथलिक वाचकांना अधिक परिचयाचे असेल. ३ ऑक्टोबर १९९२ रोजी अमेरिकेतल्या ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या कार्यक्रमात तिने पोप जॉन पॉल दुसरे यांचे छायाचित्र कॅमेऱ्यासमोर फाडले. फाटलेला कागद हातात धरलेली ती स्त्री, हे चित्र जगभर पसरले आणि तिच्या नावाला कायमचे चिकटले. ज्यांना तिचे एकही गाणे ठाऊक नाही त्यांनाही ते चित्र ठाऊक असते. कॅथलिक मने दुखावली गेली, हे स्वाभाविक होते. पोपमहोदयांचे छायाचित्र फाडणे मला आजही पटत नाही. ज्या प्रतिमेपुढे कोणी आदराने उभा राहतो ती फाडताना आपण त्या माणसालाही इजा करतो. पण त्या स्थिर चित्राच्या आधी काय होते? आधी एक गाणे होते. बॉब मार्ले याचे ‘वॉर’ हे गाणे, ज्याचा गाभा इथिओपियाचे सम्राट हैले सेलासी यांच्या १९६३ च्या संयुक्त राष्ट्रसंघातील भाषणातून आलेला, ते तिने एकाही वाद्याच्या साथीशिवाय गायिले आणि त्यातले काही शब्द बदलून लहान मुलांच्या छळाविषयीचे शब्द घातले. मग छायाचित्र फाडले. ते छायाचित्रही बाजारातून आणलेले नव्हते. तिच्या आईच्या खोलीत भिंतीवर असलेले ते छायाचित्र आईच्या मृत्यूनंतर तिने काढून जवळ ठेवले होते.

१७ वर्षांनी, २००९ मध्ये, आयर्लंडमधल्या दोन चौकशी आयोगांचे अहवाल प्रसिद्ध झाले. धर्मसंघांनी चालविलेल्या संस्थांत आणि डब्लिनच्या धर्मप्रांतात मुलांवर काय प्रसंग ओढवले आणि ते कसे दडपले गेले, हे त्यांत आले. मार्च २०१० मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी आयर्लंडच्या कॅथलिकांना पत्र लिहून खेद व्यक्त केला. गाणे पूर्ण ऐकणाऱ्याच्या कानांवर ते मुलांविषयीचे शब्द १९९२ मध्येच पडले होते. केवळ चित्र पाहणाऱ्याला ते ऐकू येणे शक्यच नव्हते.

मग ते चित्र खोटे म्हणायचे काय? नाही. तिने छायाचित्र फाडले, हे सत्यच आहे. न्यायालयात साक्षीदाराला वकील दरडावतो, ‘हो की नाही, एवढेच सांगा!’ आणि बिचारा ‘हो’ म्हणतो. त्याचे ‘हो’ खरे असते आणि तरीही ऐकणाऱ्यांची दिशाभूल होते. स्थिर चित्र हा असाच दरडावलेला साक्षीदार आहे. खोटी साक्ष देऊ नको, ही आठवी आज्ञा आपण लहानपणी पाठ केली. तिच्या कक्षेत असत्य भाषणाबरोबर अविचाराने दुसऱ्याविषयी मत बनविणेही येते, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे.

येथे कोणी असे समजू नये की, थांबवणे हीच वाईट गोष्ट आहे. १८७८ साली कॅलिफोर्नियात मायब्रिज या छायाचित्रकाराने ओळीने कॅमेरे मांडून धावत्या घोड्याची चित्रे घेतली, तेव्हा कळले की घोड्याचे चारही पाय एकदम अधांतरी असतात ते पाय पसरलेले असताना नव्हे, तर पोटाखाली गोळा झालेले असताना. शतकानुशतके चित्रकार ते उलटे रंगवीत आले होते. वाहत्या दृश्याने डोळ्याला जे कधी दिसू दिले नाही ते थांबलेल्या चित्राने दाखविले. आणि आपल्या वसईच्या धर्मग्रामांतही आपण हे पाहतोच. कोणा घरची म्हातारी निवर्तते, स्मरणपत्रिकेसाठी फोटो शोधू लागावे तर रेशनकार्डावरचा धुरकट चेहरा तेवढा सापडतो. मग नातू कुठल्याशा लग्नाची चित्रफीत लावतो. बँडचे गाणे चालू आहे, नवरानवरी मध्यभागी आहेत आणि कोपऱ्यात लाल लुगड्यातली आजी टाळ्या वाजवीत हसते आहे. तेथे तो थांबवतो. गाण्यात जिच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते तिला त्याने गर्दीतून हाताला धरून पुढे आणले.

याच्या अगदी उलट गोष्टही घडते, तीही आपल्याच अंगणात. सणानिमित्त मुलींचे नृत्य होते, त्याची चित्रफीत यूट्यूबवर चढविली जाते, आणि कोणीतरी गिरकीतला नेमका तो क्षण थांबवतो जेव्हा वस्त्र सरकलेले असते; किंवा भक्तिगीत गाणाऱ्या मुलीचा चेहरा उंच स्वरावर, तोंड वासलेले आणि डोळे अर्धवट मिटलेले असताना अडवतो आणि हसण्यासाठी फिरवतो. गाणाऱ्याचा चेहरा फार निःशस्त्र असतो, कारण त्याने आपले भान स्वराच्या स्वाधीन केलेले असते. आरशापुढे उभे राहून कोणी गात नाही. अशा एका प्रसंगाविषयी बोलणे निघाले तेव्हा एका युवकाने मला विचारले, “पण फादर, तिने स्वतःच सगळ्यांना दाखवले ना? मग आमचे काय चुकले?” प्रश्न प्रामाणिक होता. त्याला मी म्हटले, “तिने काय दाखवले? तीन मिनिटांचे नृत्य दाखवले. तू उचललेस तो सेकंदाचा पंचविसावा भाग. तो सभागृहातल्या एकाही माणसाने पाहिला नाही, तिने स्वतःही नाही. जे तिने दाखवलेच नाही ते तू तिच्याकडून घेतलेस.” संमती वाहण्याला होती. शिवाय आता एका स्थिर चेहऱ्यावरून वाटेल ती खोटी चित्रे रचणारी साधने कोणाच्याही हाती आली आहेत, हे आईवडिलांनी ध्यानात ठेवलेले बरे.

संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मनिवेदनाच्या अकराव्या भागात काळाचे कोडे उलगडताना पाठ असलेल्या स्तोत्राचे उदाहरण घेतले आहे. म्हणायला आरंभ करण्यापूर्वी सारे स्तोत्र अपेक्षेत असते. म्हणता म्हणता त्याचा एकेक भाग स्मरणात जमा होत जातो आणि अपेक्षा आखूड होत जाते. जे एका स्तोत्राचे, तेच माणसाच्या संपूर्ण आयुष्याचे, असे ते पुढे म्हणतात. एखाद्या माणसाकडे पाहताना त्याच्या स्तोत्राचे कोणते अक्षर चालू आहे तेवढेच आपल्या कानी पडते. मागचे ऐकायचे राहिलेले असते आणि पुढचे त्यालाही ठाऊक नसते.

शिनेड ओकॉनर २६ जुलै २०२३ रोजी वयाच्या ५६व्या वर्षी वारली. त्याआधी, २०१८ मध्ये, तिने इस्लामचा स्वीकार केला होता. मृत्यूच्या बातम्यांबरोबर तीच दोन चित्रे पुन्हा फिरली, अश्रूचे आणि फाटलेल्या कागदाचे. ८ ऑगस्टला आयर्लंडमधल्या ब्रे या समुद्रकाठच्या गावातून तिची अंत्ययात्रा निघाली. रस्त्याच्या दुतर्फा लोक उभे होते. शववाहिकेच्या पुढे एक जुनी गाडी हळूहळू चालली होती आणि तिच्यातून बॉब मार्लेचे संगीत मोठ्याने वाजत होते.