वाढणे आणि वाढून घेणे

पाहुण्याच्या पानात अन्न आपण वाढावे, की सारे मांडून ठेवून 'हवे ते घ्या' म्हणावे? प्रश्न स्वयंपाकघरातला दिसतो खरा. पण थोडे खोल गेले की तो नीतीचा होतो. वाढण्यात माया असते, तशी सत्ताही असते. मांडून ठेवण्यात मोकळीक असते, तशी बेपर्वाईही असते.

चैत्रगौरीचे हळदीकुंकू घ्या. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसते, ती अक्षय्य तृतीयेपर्यंत माहेरपण भोगते. तेवढ्या महिन्यातली एक दुपार धरून घरोघर आरास होते. पायऱ्यांवर कलिंगडाची कमळे, द्राक्षांचे घोस, करंज्या, लाडू. ही आरास पाहण्यासाठी; पाहुणीच्या हाती येते ती वाटीभर आंब्याची डाळ, पेलाभर पन्हे आणि ओटीत भिजवलेल्या हरभऱ्यांची मूठ. सवाष्ण वकिलाची असो की कारकुनाची, मूठ तीच. वाढणाऱ्या हाताची ही समता मला फार मोलाची वाटते.

परंतु ह्या समतेला कुंपण होते. विधवेला हळदीकुंकवाचे बोलावणे नसे. आमच्या आत्याबाई पहाटे उठून हरभऱ्याची डाळ वाटीत, कैरी किशीत, वर हिंग-मोहरीची फोडणी घालीत; आणि पहिली पाहुणी उंबऱ्यात आली की मुकाट्याने माजघरात जाऊन बसत. त्यांच्या हातची चव साऱ्या आळीच्या तोंडी होती. त्यांच्या हातावर मात्र हरभऱ्याची मूठ कोणी ठेवली नाही. कोणाला द्यायचे हे ज्याच्या हाती, कोणाला वगळायचे हेही त्याच्याच हाती. 1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये नुसता चहा पुढे आला, तर रानडे-टिळकांसारख्यांवर ग्रामण्य ओढवले. आपल्याकडे पानाभोवती रांगोळी असे, तशी एक न दिसणारी रेघही असे.

म्हणून आता आमच्या घरी उन्हाळ्याच्या सुटीत पन्नास-साठ माणसे जमली की लांब मेज लावून सारे मांडून ठेवतात, त्याचे मला बरे वाटते. काकडी, ताडगोळे, करवंदे, हापूसच्या फोडी, कोकमचे सरबत, ताकाचा माठ. कोणी कोणाचे कपाळ पाहत नाही, कोणी आडनाव विचारत नाही. ही कमाई लहान नव्हे.

तरीही थोडा वेळ मेजाजवळ उभे राहून पाहावे. चपळ माणसे आधी पोचतात आणि हापूसच्या फोडी संपतात. गुडघे धरलेल्या आजी हाती बशी घेऊन गर्दीत शिरू शकत नाहीत. लहान मुलाचा हात पुरत नाही. पाळी संपवून उशिरा येणाऱ्या परिचारिकेला साली आणि बिया उरतात. इथे कोणी कोणाला वगळलेले नसते. तरी काही माणसे वगळली जातातच. मोकळीक ज्याला पळता येते त्याला अधिक फळते.

यावर उपाय फार साधा आहे. चिरलेले फळ उन्हाळ्यात दोन तासांहून अधिक उघडे ठेवू नये, आणि कडक उकाड्यात तर एका तासाहून अधिक नाही. म्हणजे सगळे एकदम मांडायचेच नसते. थोडे थोडे चिरून पुन्हा पुन्हा ठेवायचे असते. आरोग्यासाठी केलेली ही तजवीज न्यायालाही उपयोगी पडते, कारण उशिरा येणाऱ्याला मग पहिल्याइतकेच ताजे मिळते. आणि घरातल्या एकाने तरी मेजाशी न गुंतता कोपऱ्यांकडे पाहत हिंडावे: कोण बसून आहे, कोणाची बशी रिकामी आहे. निवड पाहुण्याची असावी, पण काळजी यजमानानेच वाहावी. वाढणाऱ्याची सत्ता गेली, म्हणून त्याचे कर्तव्य गेले असे नाही.

ऐन दिवाळीत हे उन्हाळ्याचे पुराण कशाला, असे कोणी म्हणेल. पण फराळाचे डबे उघडतील, ताटे फिरतील, तेव्हाही प्रश्न हाच राहणार. पहिल्या पाहुण्याचे आगतस्वागत सारेच करतात. सर्वांत शेवटी, भांडी घासून झाल्यावर जी हात पुसत उभी राहते, तिच्या बशीत अख्खी करंजी पडते की तुकडे, एवढे ह्या वर्षी पाहावे.