आठ तास कशाला?

रात्री उशिराच्या लोकलने भांडुपला उतरून पश्चिमेला रिक्षाच्या रांगेत उभे राहिले की घरून निरोप येतोच, ‘लोकेशन टाक.’ टेंभीपाडा, खिंडीपाडा, हनुमाननगरच्या चढावरच्या घरांत हे वाक्य आता ‘जेवलीस का’ इतकेच सवयीचे झाले आहे. त्यात वावगे काही नाही. २६ जुलै २००५ च्या पुराच्या रात्री गाड्या बंद, फोन लागत नाही, अशा अवस्थेत ज्यांनी दाराशी बसून पहाट केली, त्यांना या सोयीचे मोल कुणी शिकवायला नको.

पण मुलगी घरी पोहोचते आणि लोकेशन चालूच राहते. दुसऱ्या दिवशीही. मग कधीतरी विचारणा होते, ‘दुपारी घाटकोपरला काय करत होतीस?’

२०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे याच्या जवळचा प्रश्न आला होता. अमली पदार्थांच्या खटल्यातल्या फ्रँक व्हायटस या नायजेरियन आरोपीला जामीन देताना दिल्ली उच्च न्यायालयाने अट घातली होती, की गूगल मॅप्सवर पिन टाकून आपला ठावठिकाणा तपास अधिकाऱ्याला कळता ठेवावा. नुसत्या पिनने कुणावर सतत पाळत ठेवता येत नाही, असा खुलासा गूगलनेच केला. म्हणजे अट तशी निरुपयोगी. तरी न्यायालय तेवढ्यावर थांबले नाही. न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांनी ८ जुलैला निकाल दिला: जामिनावरच्या माणसाची हरेक हालचाल पोलिसांना कळत राहील अशी अट घालणे म्हणजे राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या खासगीपणाच्या हक्कावर घाला. नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २०१७ मध्ये हा हक्क मूलभूत ठरवला, तो आरोपीलाही आहे.

आरोपीच्या बाबतीत पोलिसांना जे नाकारले गेले, ते नवरा, सासू, भाऊ, मुकादम यांना मात्र सहज मिळते. नागपूर महापालिकेने तर सफाई कामगारांच्या मनगटाला जीपीएसची घड्याळे बांधली. साहेबांच्या मनगटाचे काय, हा प्रश्न अशा वेळी कुणी विचारत नाही. घरातही तसेच. बाप कुठे आहे हे मुलीच्या फोनवर दिसते, अशी घरे मला तरी फारशी आढळली नाहीत.

‘लपवण्यासारखं काही नाही ना, मग काय बिघडलं?’ हा युक्तिवाद ठरलेला. तो करणाऱ्याने दहा बाय दहाच्या खोलीत पाचजणांत राहून पाहावे. तिथे एकांत घरात नसतोच; तो दाराबाहेर शोधावा लागतो. लोकलच्या खिडकीत, फलाटाच्या बाकावर, एखादा स्टॉप आधी उतरून चालत जाण्यात. नोकरी बदलायची म्हणून मुलाखतीला जाणे, मन ठीक नाही म्हणून डॉक्टरांकडे जाणे, किंवा काहीच न करता अर्धा तास बसणे. यात पाप कुठलेच नाही, पण जबाब देत बसायची इच्छाही नसते. फोनवरचा ठिपका नेमकी हीच जागा काढून घेतो.

बरे, ठिपका खरे बोलतो म्हणावे तर तेही नाही. उघड्या मैदानात जीपीएस काही मीटरपर्यंत अचूक असते. खेटून उभ्या भिंतींच्या गल्लीत उपग्रहाचे सिग्नल आपटून फिरतात आणि माणूस शेजारच्या गल्लीत दिसू लागतो. मग खुलासा माणसाला करावा लागतो, ठिपक्याला नाही. ‘मी तिथे नव्हतेच’ हे सिद्ध कसे करायचे?

व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन पाठवताना तीन मुदती समोर येतात: पंधरा मिनिटे, एक तास, आठ तास. स्टेशनवरून डोंगरावरच्या घरापर्यंत, रिक्षाची रांग धरूनही, एक तास पुष्कळ झाला. आठ तासांची मागणी ज्याला करायची आहे, त्याने ती काळजीच्या नावाखाली करू नये. कारण सांगून करावी, आणि ‘नाही’ ऐकायची तयारी ठेवावी.