तांबडा डाग कोणाला उद्देशून?

१८१९ साली इटलीतल्या पादुआजवळच्या लेन्यारो गावात पोलेंटा, म्हणजे मक्याच्या पिठाची शिजवून ठेवलेली घट्ट लापशी, रक्त शिंपडल्यासारखी तांबडी होऊ लागली. गावाला त्यात सैतानाचा हात दिसला. बार्तोलोमेओ बिझिओ या औषधशास्त्रज्ञाने मात्र ताजी पोलेंटा दमट, उबदार जागी ठेवून तोच रंग मुद्दाम उगवून दाखवला. त्याला ती बुरशी वाटली; निघाला जीवाणू. पण त्याने दिलेलं नाव टिकलं: सेरेशिया मार्सेसेन्स. त्यातलं दुसरं पद 'कोमेजणारा' अशा अर्थाचं, कारण हा तांबडा रंग लवकर विटतो. रंगद्रव्याचं नाव प्रोडिजिओसिन. लॅटिनमधला 'अद्भुत शकुन' त्यात अजून शाबूत आहे.

रंग कशामुळे आला हे कळलं की तो कशासाठी आला हा प्रश्नही मिटतो, असं विवेकवादी मंडळी धरून चालतात. ते घाईचं आहे. देवाला बोलायचंच असेल तर तो जीवाणूकरवीही बोलेल, असं श्रद्धावान म्हणू शकतो, आणि तर्काने त्याला खोडून काढता येत नाही. पण मग आंबलेल्या प्रत्येक भांड्यात निरोप शोधावा लागेल. आपण तसं करत नाही. ज्या डागाने आपली भीती खरी ठरते, तेवढाच वाचतो. मध्ययुगीन युरोपात चर्चमधल्या पवित्र भाकरीवर रक्त दिसल्याच्या बोभाट्यावरून ज्यूंवर ती भोसकल्याचा आरोप होई आणि त्यांची कत्तल होई. त्या प्रत्येक डागामागे हाच जीवाणू होता, असं आज सिद्ध करता येणार नाही. आरोपी मात्र डाग दिसण्याआधीच ठरलेला असे.

यावर कोणी म्हणेल, जीवशास्त्रज्ञही 'साठी'च म्हणतात, मग फरक काय? फरक एवढाच की त्यांचं 'साठी' खोटं ठरू शकतं. स्टॅफिलोकोकस ऑरियसचा सोनेरी रंग आपल्या पांढऱ्या पेशींच्या माऱ्यापासून त्याला वाचवतो, असा दावा होता. रंगाचं जनुक काढून पाहिलं, तर तो जीवाणू त्या पेशींकडून सहज मारला गेला. प्रोडिजिओसिनची गोष्ट इतकी सरळ नाही. ते प्रयोगशाळेत इतर जीवाणूंना, हिवतापाच्या परजीवींना, कर्करोगाच्या पेशींनाही मारतं, कापडही रंगवतं. पण ३७ अंशांवर, आपल्या अंगाच्या उबेत, हा जीवाणू ते सहसा बनवतच नाही. म्हणजे आपल्याला होणारा उपयोग हा त्याचा हेतू नव्हे. १९५० साली अमेरिकी नौदलाने सॅन फ्रान्सिस्कोवर हाच जीवाणू गुपचूप फवारला: तो निरुपद्रवी समजला जाई, आणि तांबड्या रंगामुळे त्याचा माग काढणं सोपं होतं. रंग आपल्यासाठीच आहे, हे इथेही गृहीत होतं, फक्त देवाच्या जागी प्रयोगशाळा आली. इस्पितळांतल्या रुग्णांना आजारी पाडणारे त्याचे बरेचसे वाण तर रंगहीनच असतात.