परक्या गुडघ्यांची साक्ष

ऊन उतरल्यावर दोहातल्या अल अझीझियालगतच्या अस्पायर बागेत एखाद्या बाकावर बसा. पाय लांब करा, मांड्या सैल सोडा. दोन्ही तळहात गुडघ्यांवर ठेवा. थोडा वेळ एवढंच.

जवळच अस्पेतार आहे, 2007 साली सुरू झालेलं खेळाडूंच्या दुखापतींचं रुग्णालय. याच शहरात 2006च्या आशियाई स्पर्धेत भारताने कबड्डीचं सुवर्ण जिंकलं होतं. चढाई करणारा पाय रोवून गर्रकन वळतो, तो क्षण डोळ्यांसमोर आणा. गुडघ्यातला एसीएल नावाचा बंध तुटतो तो बऱ्याचदा अशाच वळणावर, कुणाचा धक्काही न लागता.

आता गुडघ्याची वाटी बोटांनी हळूच डावी-उजवीकडे सरकवा. तिच्यामागे शरीरातल्या सर्वांत जाड कूर्चांपैकी एक आहे. तरी जाडी काही मिलिमीटरच. या कूर्चेत रक्तवाहिनी नाही, मज्जातंतू नाही. ती झिजू लागली तरी तिला स्वतःला दुखत नाही. आपल्याला कळ येते ती हाडातून, सांध्याच्या अस्तरातून, म्हणजे बरंच उशिरा. या मुक्या थराकडे लक्ष न्या.

बोटांना जे लागत नाही ते एमआरआयला दिसतं, कारण तो पाणी बघतो. कूर्चेच्या वजनात मोठा वाटा पाण्याचाच. 3 टेस्लाच्या चुंबकात त्या पाण्यातले हायड्रोजनचे अणुगर्भ सेकंदाला सुमारे 12 कोटी 80 लाख वेळा घुमतात. रेडिओ लहरीने त्यांना एका तालात आणायचं, मग ताल किती वेळात विस्कटतो ते मोजायचं. निरोगी कूर्चेत हा काळ साधारण 30 ते 50 मिलिसेकंदांचा. कूर्चेतल्या कोलॅजनच्या धाग्यांची वीण सैल झाली की पाणी मोकळं होतं आणि काळ लांबतो. हाडालगत हे धागे उभे, पृष्ठभागावर आडवे. त्यामुळे एकाच कूर्चेत खाली-वर आकडे निराळे. मेनिस्कस म्हणजे सांध्यातली गादी आणि लिगामेंट म्हणजे हाडं जोडणारे बंध, यांचा ताल तर इतक्या झटकन विरतो, की नेहमीच्या चित्रात ते काळेच दिसतात.

एक श्वास सावकाश घ्या. चार सेकंदांच्या त्या श्वासात 40 मिलिसेकंद शंभर वेळा मावतात.

चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याला ताल कसा विरतो हे दाखवणारी एक रेघ मिळते. संगणकाला अवयवांची नावं न सांगता नुसत्या रेघा दिल्या, तरी तो सारख्या रेघांचे गट पाडतो. कूर्चा एकीकडे, चरबी दुसरीकडे, साचलेलं पाणी तिसरीकडे. काही ठिपके मात्र कुठेच धड बसत नाहीत. तिथे दुखापत असू शकते.

बसत नाहीत, ते कुणाच्या हिशेबाने? हा प्रश्न मनात राहू द्या. घाई नाही.

अमेरिकेत 2004 साली सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात 45 ते 79 वयाच्या 4,796 जणांनी वर्षानुवर्षं आपले गुडघे तपासू दिले. त्यातले काहीजण तर निव्वळ तुलनेसाठी होते. एमआरआयच्या खडखडाटी नळीत ते निमूट पडून राहिले, म्हणून कुणाच्या तरी कूर्चेचा आकडा वाढलाय असं आज म्हणता येतं. त्यांचा विचार करा. त्यांना आपण ओळखत नाही. आपला गुडघा मात्र त्यांच्याशीच ताडला जातो.

पण आकडा सांगतो तो ऊतींबद्दल, माणसाबद्दल नव्हे. अमेरिकेतल्याच फ्रेमिंगहॅम शहरातल्या पन्नाशीपुढच्या लोकांचा अभ्यास 2008 साली प्रसिद्ध झाला. एमआरआयमध्ये ज्यांचा मेनिस्कस फाटलेला दिसला, त्यांच्यातल्या 61 टक्के लोकांचा गुडघा मागच्या महिनाभरात दुखला किंवा आखडला नव्हता. फाटणं वेगळं, दुखणं वेगळं. दोन्ही तळहातांखाली दोन्ही शक्यता धरून पाहा.

मग उठा. पहिली चार पावलं सावकाश टाका, वजन कुठे पडतंय ते बघा. कधी रिपोर्ट हाती आलाच, तर नॉर्मल आहे का एवढ्यावर थांबू नका. जिना उतरताना काय होतं, मांडी घालून बसता येतं का, हेही डॉक्टरांना सांगा. मशीनला ते दिसत नाही. आणि गुडघा ठणठणीत असताना कुणी अभ्यासासाठी त्याचं चित्र मागितलं, तर माझ्या गुडघ्यात काय बघायचंय असं म्हणू नका. दुखणाऱ्यांचं निदान न दुखणाऱ्यांच्या आकड्यांवरच उभं असतं.