उपासनेतील आनंद कोठून येतो?

स्तोत्र 33 ह्याच्या आरंभी उल्हासाने गाण्याची आज्ञा आहे. पण ती कोणास केली आहे, इकडे आमचे लक्ष क्वचितच जाते. स्तोत्रकर्ता गोड गळ्याच्या मनुष्यास हाक मारीत नाही. तो नीतिमानांस हाक मारतो, आणि सरळ मनाच्या लोकांसच स्तवन शोभते असे म्हणतो. वीणा व इतर वाद्ये मागून येतात.

प्रिय बंधुभगिनींनो, आमच्या मंडळ्यांत गाण्याची उणीव नाही. 1895 साली ज्यांचा मुंबईस बाप्तिस्मा झाला त्या नारायण वामन टिळकांची गीते आमची मुलेही गातात. तरी पुष्कळदा गीत संपते आणि मन कोरडेच राहते. मग आम्ही पेटीवाल्यास दोष देतो, कधी बिचाऱ्या उपदेशकास!

ह्याविषयी नहेम्याच्या ग्रंथाचा 5 वा अध्याय वाचावा. ख्रिस्तपूर्व 445 च्या सुमारास यरुशलेमेत तट बांधण्याचे काम चालले असता गरिबांनी मोठा आक्रोश केला. दुष्काळ पडला होता. राजाचा कर भरण्यासाठी शेते व द्राक्षमळे गहाण पडले होते. मुलेमुली दास्यात जात होती. आणि सावकार कोण? परके नव्हेत, त्यांचेच बांधव. नहेम्याने सरदारांस सर्वांदेखत जाब विचारला. आपण व आपले सेवकही पैसा व धान्य उसने देत आहो हे त्याने लपविले नाही. 'हे व्याज आपण सर्वांनी सोडावे,' असाच त्याच्या बोलण्याचा भाव होता. शेते, मळे, घरे आणि व्याजाचा शंभरावा हिस्सा परत देण्याचे ठरले, शपथ झाली, आणि तेथेच सर्व मंडळीने आमेन म्हणून परमेश्वराचे स्तवन केले. वाद्याचा तेथे उल्लेखही नाही! आणि दिलेले वचन लोकांनी पाळले, हेही ग्रंथकर्ता आवर्जून लिहितो.

येथे कोणी भिऊन म्हणेल, मी तर पापी, मला आनंदाचा अधिकार कसा? त्याने 8 वा अध्याय पाहावा. पाणीवेशीपुढील चौकात पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचले गेले, तेव्हा लोक रडू लागले. त्यांस सांगण्यात आले की, रडू नका. जेवा, गोड प्या, आणि ज्याच्या घरी काही शिजले नाही त्यास वाटा पाठवा. आम्ही स्वतःच्या पुण्याने नीतिमान ठरत नाही. ख्रिस्ताच्या ठायी क्षमा मिळते म्हणूनच उभे राहतो. पण क्षमा मिळालेल्या मनुष्याने शेजाऱ्याच्या शेताचा कागद पेटीत दाबून ठेवावा व रविवारी टाळ वाजवावे, हे जुळत नाही. मजुराची राहिलेली मजुरी, बांध कोरून घेतलेली हातभर जमीन, भावाशी धरलेला अबोला, हेही त्याच जातीचे.

प्रभूने तर अर्पण वेदीजवळ ठेवून आधी भावाकडे जावयास सांगितले आहे. रविवारची घंटा होण्यापूर्वी शनिवारची संध्याकाळ आपल्या हाती असते. ज्याच्या घरी जावयाचे आहे, त्याच्या घरी तेव्हाच जाऊन यावे.